दुधाळ डाग

मामाचं रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आलं ते चामडी होल्स्टरसकट. परवान्याचे सोपस्कार आटोपून ते हातात पडायला बरेच महिने गेले होते, त्यामुळे घरी आल्याआल्या होल्स्टरचं बटण उघडलं आणि ते बाहेर ओढलं. निघेना. चामडं इतकं आवळून बसलं होतं की हळूहळू हलवत सोडवावं लागलं. बाहेर आलं तेव्हा एका अंगाने आरशासारखं लखलखीत होतं आणि दुसऱ्या अंगाने, जिथे होल्स्टरची शिवण टेकत होती तिथे, बारीक काळ्या टिंबांची रांगच्या रांग. जणू टाक्यांचा ठसा उमटला होता. मोजली तर चौदा भरली.

सगळ्यात आधी चक्री उघडून सहाही घरं डोळ्यांनी पाहिली, मग करंगळी घालून चाचपली. रिकामी होती. ही सवय मामाचीच. ‘रिकामं आहे’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवायची आणि तरीही स्वतः बघायचं, असं तो म्हणायचा. पुढे या रिव्हॉल्व्हरला जेव्हा जेव्हा हात लावला, तेव्हा तेव्हा सुरुवात अशीच केली. त्यामुळे आता ते परत परत सांगत बसत नाही. काडतुसं त्या खोलीतच आणायची नाहीत, हेही त्यातच आलं.

वस्तू म्हणाल तर स्मिथ अँड वेसनचं जुनं ‘मिलिटरी अँड पोलीस’, पॉइंट ३८ स्पेशल नावाच्या काडतुसाचं, सहा गोळ्यांचं. हे मॉडेल कंपनीने १८९९ मध्ये काढलं आणि १९५७ मध्ये सगळ्या मॉडेलना आकडे दिले तेव्हा याचं नाव ‘मॉडेल १०’ झालं. माझ्याकडच्या रिव्हॉल्व्हरवर चक्रीच्या दांड्यामागे कुठेही मॉडेलचा आकडा ठोकलेला नाही. शिवाय उजव्या झाकणपट्टीला (आतली यंत्रणा झाकणाऱ्या पट्टीला) चार आणि चापाच्या कड्याच्या पुढे एक असे पाच स्क्रू आहेत. त्यातला झाकणपट्टीचा सगळ्यात वरचा स्क्रू कंपनीने १९५५ च्या सुमारास बंद केला. म्हणजे हे त्याच्याही आधीचं.

ओळखीच्या एका गृहस्थांनी ते बघून लगेच निकाल दिला, “हे तर स्टेनलेस आहे, काही होत नाही याला. घासा बिनधास्त.” दुसऱ्याने चुंबक आणला. चिकटला. “बघा, स्टेनलेस नाही!” आता खरं सांगायचं तर ही चमक स्टेनलेसची, क्रोमची की निकेलच्या मुलाम्याची, यातलं चुंबकाने काहीच ठरत नाही. निकेल स्वतःच चुंबकाला चिकटतं, त्याखालचं पोलाद तर चिकटतंच, आणि रिव्हॉल्व्हरसाठी वापरतात तो स्टेनलेसचा प्रकारही बहुधा चिकटणाराच असतो. इथे चुंबकापेक्षा कॅलेंडर उपयोगी पडलं. स्टेनलेसचं पहिलं रिव्हॉल्व्हर, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६०, आलं १९६५ मध्ये. हे त्याच्या किमान दहा वर्षं आधीचं, तेव्हा स्टेनलेसचा प्रश्नच मिटला.

राहिला प्रश्न क्रोमचा. त्यासाठी खिडकीशी नेलं आणि शेजारी एक क्रोमचा पाना ठेवला. दोन्ही चकचकीत, पण शेजारीशेजारी ठेवल्यावर फरक असा दिसला की पुन्हा चूक होणे नाही. पान्याची चमक निळसर, थंड. रिव्हॉल्व्हरची मात्र किंचित पिवळसर, मऊ. हीच निकेलची खूण. एकेकटं बघितलं तर दोन्ही ‘चांदीसारखं’ एवढंच वाटतं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग मी ते ‘नीट साफ’ करायला घेतलं.

नळीत जुनी काजळी होती आणि नळीच्या तोंडाशी शिशाचा करडा थर बसला होता. माझ्याकडे नळी साफ करायच्या सॉल्व्हंटची एक बाटली होती, तांब्याचे अंश काढणारं, नाकात झणझणणारं. रायफलवाल्या मित्राने दिलेली. रायफलीच्या गोळ्यांवर तांब्याचं कवच असतं, ते नळीत घासून तिथे थर धरतं आणि त्या सॉल्व्हंटमधला अमोनिया तो थर विरघळवतो. माझ्या रिव्हॉल्व्हरमधून मामाने साध्या शिशाच्या गोळ्यांपलीकडे काही झाडलं असेल असं वाटत नाही. म्हणजे त्या बाटलीची मला गरजच नव्हती. पण हाताशी होती. एका लाकडी काडीला कापूस गुंडाळून मी ते नळीच्या तोंडाला आतबाहेर सढळ हाताने लावलं, आणि “रात्रभर मुरू दे” म्हणून झोपायला गेलो.

सकाळी दोन गोष्टी दिसल्या. तोंडाजवळ, पुढच्या माशीच्या (नेम धरायच्या उंचवट्याच्या) खालच्या अंगाला, नखाएवढा भाग दुधाळ झाला होता. थंडीत काचेवर तोंडाची वाफ धरते ना, तसा. फडक्याने पुसला, गेला नाही. तेल लावल्यावर दिसेनासा झाला, तेल पुसलं की परत हजर. आणि दुसरी गोष्ट म्हणजे काडीवरच्या कापसाचं टोक निळं झालं होतं. अगदी स्वच्छ, मोरपंखी निळं.

त्या निळ्यानेच मला खरी काळजी लावली. अमोनियाला तांबं भेटलं की असा रंग येतो. पण काडी लाकडाची, पितळेचा ब्रश मी वापरलेला नव्हता, आणि गोळ्या शिशाच्या. मग हे तांबं आलं कुठून?

एक काका आहेत, त्यांची हयात मुलाम्याच्या टाक्यांवर गेली. हल्ली निवृत्त. त्यांना फोन केला, तर म्हणाले, “घेऊन ये, पण येताना त्याला आणखी काही लावू नकोस. तेलसुद्धा नको.” गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मी केलेला पराक्रम सांगितला. त्यावर एकच प्रश्न, “किती वेळ ठेवलंस?”

“रात्रभर, काका.”

“पाच मिनिटं ठेवलं असतंस तर मी काही बोललो नसतो.”

त्यांनी जे समजावलं ते थोडक्यात असं. निकेलचा थर पोलादावर थेट चढवता येतो किंवा आधी तांब्याचा पातळ थर देऊन त्यावर निकेल चढवता येतं. तांबं पोलादाला छान धरतं आणि पॉलिशही छान घेतं, म्हणून कित्येक कारागीर तसं करतात. निकेल अखंड असेल तोवर खाली काय आहे याने काही बिघडत नाही. पण जुन्या मुलाम्याला भेगा असतात, टाचणीच्या टोकाहून बारीक छिद्रं असतात, कडेला पोपडे सुटलेले असतात. त्यातून अमोनिया आत शिरला की खालचं तांबं खायला लागतो, आणि मुलाम्याचा पाया सुटतो. वरून निकेललाही तो बरं वाटू देत नाही. बराच वेळ राहिला की झळाळी मारतो, पृष्ठभाग अगदी सूक्ष्मपणे खरवडल्यासारखा होतो. तेच माझं दुधाळपण.

“पितळ चकाकवायची पॉलिशं घरात असतील ना, त्यांचा वास घेऊन बघ,” ते म्हणाले, “अमोनियाचा वास आला तर ते डबडं याच्या जवळपास आणायचं नाही.”

मग त्यांनी घोड्यावर बोट ठेवलं. “हा असा चकचकीत कसा?”

मला प्रश्नच कळला नाही. सगळंच चकचकीत आहे, तर घोडाही असणार. ते हसले. या कंपनीच्या रिव्हॉल्व्हरला कारखान्यातून निकेल चढून येतं तेव्हा घोडा आणि चाप सोडून देतात. त्या दोन्ही भागांना वरून कडक करण्याची वेगळी प्रक्रिया केलेली असते आणि त्यामुळे त्यांच्यावर निळ्या-तपकिरी ढगांसारख्या छटा असतात. माझ्या रिव्हॉल्व्हरचा घोडाही निकेलचा आणि चापही निकेलचा. मग भिंगातून नळीवरची अक्षरं दाखवली. कंपनीच्या नावाच्या कडा गोलसर, मऊ झालेल्या, काही अक्षरांचे पाय जवळजवळ बुजलेले. स्क्रूंच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट. पॉलिशच्या चाकावर सपाट पृष्ठभाग दाबून धरला की भोकाभोवती अशी बशी होते. “कुणीतरी मधे कधीतरी पुन्हा मुलामा दिलाय याला. बहुतेक मूळचं मुलाम्याशिवायचं, पोलादच रसायनाने काळं-निळं केलेलं असणार.”

मामाने हे कधी सांगितलं नाही. त्यालाही माहीत नसेल कदाचित. मला थोडं वाईट वाटलं, का ते सांगता येणार नाही. मी ज्याला मामाची झळाळी म्हणत होतो ती कुण्या तिसऱ्याचीच निघाली.

काळ्या टिंबांबद्दल काका जे बोलले ते मला सगळ्यात उपयोगी पडलं, म्हणून तिथे जरा थांबतो. माझा समज असा होता की मुलामा म्हणजे कवच, आणि कवचाला एखादं भोक पडलं तर तेवढ्यापुरतं गंजेल. काका म्हणाले, “नाही. भोक पडलं की तिथे उघड्या पोलादापेक्षा जास्त वेगाने गंजेल.”

जस्ताचा मुलामा असेल तर उलटं होतं. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पत्र्यावर ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त आपला बळी देतं. निकेल तसं नाही. ते लोखंडापेक्षा ‘उच्च’ धातू आहे. घरी येऊन आकडे पाहिले तेव्हा चित्र लख्ख झालं. प्रमाण विद्युत विभव जस्ताचा उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचा उणे ०.४४ आणि निकेलचा उणे ०.२५; जितका जास्त उणे, तितका तो धातू आधी झिजायला तयार. ओल आणि थोडंसं मीठ मिळालं की लोखंड आणि निकेल या दोन धातूंची एक इवलीशी बॅटरी तयार होते. तीत गंजायचं काम येतं लोखंडाकडे आणि निकेल सुखरूप राहतं. त्यात आणखी वाईट म्हणजे निकेलचा पसारा मोठा आणि उघडं लोखंड टाचणीच्या टोकाएवढं. सगळा भार त्या एका टिंबावर. म्हणून ते आडवं पसरण्याऐवजी खोल जातं आणि मुलाम्याखालून पोखरत निघतं. मग गंज फुगतो, कारण गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, आणि वरचा निकेलचा पापुद्रा उचलला जातो.

होल्स्टरच्या शिवणीने नेमकं हेच केलं होतं. कमावलेल्या चामड्यात आम्ल आणि क्षार राहतात, वर ते हवेतली ओल धरून ठेवतं. शिवणीच्या टाक्यांशी ते सगळ्यात घट्ट टेकतं. वर्षानुवर्षं तसंच बंद कपाटात. मामाला वाटत होतं की होल्स्टरमध्ये ते सुरक्षित आहे.

गंमत अशी की निकेल मुळात आलं ते गंजावरचा इलाज म्हणूनच. हा धातू स्वीडनच्या क्रोनस्टेटने १७५१ मध्ये वेगळा काढला. अमेरिकेत आयझॅक अ‍ॅडम्सने निकेलच्या मुलाम्याच्या द्रावणाचं पेटंट १८६९ मध्ये घेतलं आणि तिथून मुलाम्याचा धंदा फोफावला. तेव्हा काडतुसांत काळी दारू असायची. तिची राख हवेतली ओल शोषते आणि पोलादाला खाते. काळं-निळं केलेलं पोलाद तिच्यापुढे फार टिकत नसे, निकेल टिकायचं. त्यामुळे त्या काळातली निकेलची रिव्हॉल्व्हरं दिखाव्यासाठी होती असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. घामट हातांच्या आणि दमट हवेतल्या माणसांनी ती शहाणपणाने घेतलेली होती.

तर आता करायचं काय? काकांनी घरच्या घरी करण्याजोगं सांगितलं आणि काय करायचं नाही ते जास्त सांगितलं. तारेचा ब्रश नाही, स्टील वूल नाही, पॉलिशचं फिरतं चाक तर नाहीच नाही. टूथपेस्टही नाही (हा सल्ला मला तोवर तिघांनी दिला होता, तिच्यात घासणारी पूड असते म्हणूनच ती दात घासते). आवाजाच्या लहरींनी साफ करणारं यंत्र मिळतं, तेही नको, कारण सुटत आलेला पोपडा त्यात पूर्ण सुटतो.

घरी येऊन पहिल्यांदा मुठीची लाकडं काढली. मधला स्क्रू सोडवायला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर वापरला नाही. त्याचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, खाचेत वरच्या कडेलाच टेकतं आणि खाच चेपते. बंदुकीच्या स्क्रूसाठी समांतर पात्याचे स्क्रूड्रायव्हर असतात, खाचेत तळापर्यंत बसणारे. तो आणला. स्क्रू सैल करून त्याच्या डोक्यावर हळूच दाबलं की पलीकडचं लाकूड आपोआप उचकटतं. कडेत पातं खुपसून उचकटलं तर लाकडाचा टवका जातो, शिवाय निकेलवर ओरखडा.

लाकडाखाली जे दिसलं त्याची मला कल्पना नव्हती. बाहेरून सगळं चकचकीत, आणि आत, लाकडाची कड जिथे संपते बरोबर त्या रेषेवर, तपकिरी गंजाची किनार. घाम मुठीवरून ओघळून लाकडाच्या फटीत गेला असणार आणि तिथेच राहिला असणार. लाकडाच्या आतल्या बाजूलाही त्याच आकाराची काळी किनार. दोन्ही शेजारी ठेवले तर एकाचा साचा दुसऱ्यात बसेल इतकी जुळणारी. झाकणपट्टी मी उघडली नाही. तिथे माझं काम नव्हतं आणि आतले भाग निकेलच्या प्रश्नाशी संबंधितही नव्हते.

गंजाच्या त्या किनारीवर पातळ, आत झिरपणारं तेल सोडलं आणि तसंच ठेवलं. यात अमोनिया नाही याची डब्यावर दोनदा खात्री केली, वासही घेतला. दुसऱ्या दिवशी लाकडी टूथपिकचं टोक चापट करून गंज उचलत गेलो. खरवडायचं नाही, उचलायचं. जे येईल ते येऊ द्यायचं, जे चिकटून आहे ते राहू द्यायचं. चौथ्या दिवशी किनार तपकिरीची करडी झाली आणि फडक्यावर रंग यायचा थांबला.

इथे आणखी एक चूक झाली. पुसायला मी जुन्या बनियनचा तुकडा घेतला होता. मऊ, धुऊन धुऊन विरलेला, मला तर आदर्श वाटला होता. नळीच्या तोंडाशी पुसताना त्याचा एक सुटा धागा कुठेतरी अडकला. मी नेहमीच्या सवयीने झटका दिला. धागा सुटला आणि त्याच्याबरोबर तिळाएवढा एक पोपडा टेबलावर पडला.

तो चिमट्याने उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला. वरची बाजू पिवळसर रुपेरी. उलटा केला तर खालची बाजू लालसर गुलाबी, नव्या तांब्याच्या तारेसारखी. कापसाच्या निळ्या टोकाने जे सांगितलं होतं ते इथे डोळ्यांनी दिसलं. आणि जाडी? कागदावर तो उभा राहत नव्हता, फुंकरीने उडत होता. या एवढ्याशा जाडीच्या जोरावर आपण ‘घासा बिनधास्त’ म्हणतो. तो पोपडा मी काड्यापेटीत जपून ठेवला आहे. परत चिकटवता येत नाही, उपयोग शून्य, पण टाकवला नाही.

बनियन बाद केली. त्यानंतर कडेला नेहमी चष्म्याचं, धागे न सुटणारं फडकं, आणि हात नेहमी मुलाम्याकडून उघड्या पोलादाकडे. कडेकडून आत गेलं तर फडकं पोपड्याखाली शिरतं, आतून कडेकडे आलं तर पोपडा दाबला जातो. साधी गोष्ट आहे, कोणत्याही डब्यावर लिहिलेली नसते.

आता दुधाळ डाग. काकांनी एका अगदी बारीक, अमोनियाविरहित धातू-पॉलिशला परवानगी दिली होती, पण अटीवर. आधी लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या जागी करून बघायचं, आणि दहा हातांनंतर थांबायचं. मी तसं केलं. पॉलिशचा ठिपका, बोटाला फडकं, दहा हलके हात. फडकं काळं झालं. मला आधी वाटलं, वा, मळ निघतोय! मग लक्षात आलं की तिथे मळ नव्हताच, ती जागा तर मी कालच पुसून काढली होती. फडक्यावरचं काळं म्हणजे निकेल. पॉलिश चमक आणतं ते वरचा थर काढूनच. कल्हईवाल्याकडे भांडं परत नेता येतं तसं इथे करता येत नाही.

ते पाहिल्यावर डागावर माझा हात आपोआप हलका झाला. पहिल्या दहा हातांत डाग निम्मा झाला. पुढच्या दहांत थोडासा कमी. तिसऱ्यांदा फडकं उचललं आणि कडेकडे पाहिलं. तिथे, जिथे पोपडा गेला होता त्याच्या शेजारी, निकेलला जरा गुलाबी झाक आल्यासारखी वाटली. खरंच होती की खिडकीतल्या उन्हाची होती, देव जाणे. मी फडकं खाली ठेवलं ते ठेवलंच. डाग अजून आहे. तिरप्या उजेडात धरलं तर दिसतो, समोरून दिसत नाही.

चक्रीच्या पुढच्या तोंडावरच्या काळ्या कड्यांचाही मोह झाला होता. प्रत्येक घराभोवती एक, जळाल्यासारखी. गोळी सुटताना चक्री आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तापलेला वायू आणि राख बाहेर फेकली जाते, त्याची ही निशाणी. ती घालवायला शिसं पुसायचे खास कापडी तुकडे मिळतात, आणि त्यांनी ती जातातही. पण त्या कापडातही घासणारी पूड असतेच, आणि पुढच्या सहा गोळ्यांत कडी परत येतात. त्यांनी काही बिघडत नाही. ज्यांना आवडतं ते काढोत बापडे. मी नायलॉनच्या ब्रशने वरची सैल काजळी काढली आणि कडी राहू दिली. नळीचं आतलं अंग आणि चक्रीची घरं सहसा मुलाम्याशिवायच असतात. तिथे अमोनिया नसलेलं साधं सॉल्व्हंट, नायलॉनचा ब्रश, मग कोरडं फडकं आणि तेलाचा हात. बाहेर सांडलं तर तिथल्या तिथे पुसायचं. एवढंच.

शेवटी मेण. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत संग्रहातल्या वस्तूंसाठी एक सूक्ष्मस्फटिकी मेण तयार झालं होतं. त्या जातीचं मेण डबीत मिळतं. बोटाला जेमतेम लागेल एवढं घ्यायचं, पसरायचं, थोडं थांबून कोरड्या फडक्याने उजळायचं. तेल वाहतं, धूळ धरतं, बोटांनी पुसलं जातं. मेण जागचं हलत नाही आणि नेमकं त्या बारीक छिद्रांच्या तोंडांवर बसतं. चौदा टिंबांना मी वेगवेगळं, टूथपिकने, मेण भरलं. हलत्या भागांना मेण लावायचं नाही, तिथे तेलच. आणि सॉल्व्हंटने साफसफाई केली की मेणही जातं, म्हणजे त्या जागी परत लावायचं. मुठीची लाकडं बसवण्याआधी त्यांच्या आतल्या अंगालाही मेणाचा हात दिला.

याच सुमारास काकांच्या जुन्या धंदेबंधूंपैकी एकाने पुन्हा मुलामा देण्याची तयारी दाखवली. विजेशिवाय, नुसत्या रासायनिक द्रावणातून चढणारं निकेल. १९४० च्या दशकात अमेरिकेत ब्रेनर आणि रिडेल यांनी ही पद्धत शोधली. तिचा थर खाचाखोचांतही सारखा बसतो. मी दोन दिवस विचारात होतो. पण कोणताही मुलामा द्यायचा तर आधीचा काढावा लागणार. चौदा खड्डे जायला पोलाद घासावं लागणार, आणि नळीवरची अक्षरं आधीच एकदा घासून झालेली आहेत. दुसऱ्यांदा ती राहणार नाहीत. शिवाय आम्लात बुडवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कडक भाग ठिसूळ होऊ शकतात. ते टाळायला नंतर १९० अंशांच्या आसपास तासन्‌तास भट्टीत ठेवावं लागतं. हे सगळं करणारा माणूस काळजीने करेलही. काकांना विचारलं तर म्हणाले, “माझं असतं तर केलं नसतं. पण माझ्या धंद्याच्या विरोधात मी बोललो हे कुणाला सांगू नकोस.” सांगितलं की मी आता.

आता ठेवणीचं. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, सैलसर कापडी पिशवीत. स्पंजचं अस्तर असलेली पेटी भेट मिळाली होती, ती वापरली नाही. स्पंज ओल धरतो आणि सगळीकडून चिकटून बसतो. शेजारी सिलिका जेलची डबी, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की गरम करून पुन्हा निळे करायचे. एक छोटा आर्द्रतामापक आहे. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांमध्ये राहावा एवढाच प्रयत्न. हाताळताना सुती हातमोजे घालतो. ते घालून काही धरलं की संग्रहालयातल्या माणसासारखं वाटतं आणि घरचे हसतात, हसू देत. बोटांचे ठसे म्हणजे मीठ आणि ओल, वर वाचलंच आहे की त्यातून काय होतं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काढतो. त्याच खिडकीशी, त्याच पांढऱ्या कागदावर, शेजारी पट्टी ठेवून टिंबांच्या रांगेचा फोटो घेतो आणि आधीच्याशी ताडून बघतो. पहिल्या तीन महिन्यांत काही हललं नाही. चौथ्यात नवव्या टिंबाभोवती तपकिरी कडा दिसली. तिथलं मेण दबून निघालं होतं, बहुधा माझ्याच हातमोज्याने. तेलाचा थेंब, टूथपिक, दोन दिवस थांबणं, परत मेण. पाचव्या महिन्याच्या फोटोत कडा नव्हती. तेव्हापासून रांग चौदाचीच आहे.

मामी एकदा आली होती तेव्हा तिला दाखवलं. तिने रिव्हॉल्व्हरकडे फारसं पाहिलं नाही. होल्स्टर मात्र हातात घेऊन बराच वेळ बसली, बटण लावून उघडून बघत. ते मी टाकलेलं नाही. कागदी पिशवीत घालून ठेवलंय, त्याच कपाटात, खालच्या कप्प्यात.